पांढरी पाच

मेथी निवडायला बसलं की कानाला काहीतरी लागतं. त्या रविवारी फोनवर जुनी गाणी लावून दिली होती. एकामागून एक येत होती, माझं लक्षही नव्हतं. मध्येच पियानोवर एक सूर वाजला. एकटाच. जरा थांबून पुढचा. हातातली जुडी हातातच राहिली.

समोर आई देठं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण गेलं गं?"

आईला इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण कुणीतरी गेलंय, हे तिला चार सुरांत कळलं.

"गेलाय खरा," मी म्हटलं. "तरणाताठा होता. कॅन्सर."

"अरेरे," आई म्हणाली आणि पुढची जुडी ओढली.

ते गाणं 'माय केमिकल रोमान्स' या बँडच्या 'द ब्लॅक परेड' या अल्बममधलं. अल्बम ऑक्टोबर २००६ मधला. त्यात एक पेशंट मरतो आणि मग पुढचा सगळा खेळ त्याच्या मरणाचा. कल्पना अशी की मृत्यू येतो तो माणसाच्या सगळ्यात लाडक्या आठवणीचं रूप घेऊन. या पेशंटची लाडकी आठवण म्हणजे लहानपणी वडिलांनी शहरात नेऊन दाखवलेली बँडची मिरवणूक. म्हणून याचा मृत्यू बँडबाजा घेऊन येतो. आमच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांना टाळ-मृदंगात नेत असत, त्यामुळे असेल, मला यात फारसं परकं काही वाटलं नव्हतं. परके होते ते या बँडच्या पोरांचे डोळ्यांभोवतीचे काजळाचे रंगकाम आणि ते काळे, लष्करी झुलींचे कोट.

तो पहिला सूर आहे जी. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी पाच. या बँडचे चाहते तेवढा एक सूर ऐकला तरी दचकून माना वर करतात, अशी त्यांची थट्टा चालते. माझ्या दचकण्याचं कारण वेगळं आहे. नाशिकला ज्या बाईंकडे मी सहा वर्षं गाणं शिकले, त्या मला पांढरी पाचमध्ये गायला लावायच्या. तो माझा षड्ज होता. संध्याकाळी तंबोरा लागायचा, मी 'सा' लावायची, आणि वरच्या गंधाराकडे जाताना हमखास ताणायची. बाई पेटी थांबवायच्या. "खेचू नकोस गं. घसा आहे तो, रबर नाही."

आणि पुण्यात हॉस्टेलवर आल्यावर मी प्रेमात पडले ते नेमक्या खेचणाऱ्यांच्या.

ते २००६ साल. माझ्या खोलीत वसईची एक मुलगी होती, तिच्या चुलतभावाने राईट करून दिलेल्या एमपी-थ्री सीड्या तिच्याकडे होत्या. सातशे एमबीच्या एका सीडीत दहा-बारा अल्बम कोंबलेले, वर जाड मार्करने लिहिलेलं 'सॅड १', 'सॅड २', 'सॅड ३ (फास्ट)'. बाकीची भरती आम्ही सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून, गाणी उतरवून केली. गाण्यांची नावं चुकीची, बँडची नावं चुकीची, आणि वीज गेली किंवा लाईन तुटली की गाणं जिथे असेल तिथे कापलेलं. ही कापलेली गाणीही आम्ही ठेवायचो. टाकतंय कोण?

मुलांच्या हॉस्टेलवर तेव्हा मेटलचं राज्य. त्यांच्या लेखी आमचं संगीत म्हणजे मुळूमुळू रडणं. 'इमो' हा शब्द मी पहिल्यांदा शिवी म्हणूनच ऐकला. पुढे कळलं की तो जन्मला तेव्हापासून त्याची हीच अवस्था आहे. १९८५च्या सुमारास वॉशिंग्टन शहरात हार्डकोर पंक, म्हणजे सुसाट वेगाचं, आरडाओरड्याचं रॉक, वाजवणाऱ्या काही पोरांना नुसत्या मारामारीचा कंटाळा आला. 'राइट्स ऑफ स्प्रिंग' नावाच्या बँडने तोच वेग, तोच आरडाओरडा ठेवला, पण ओरडायला विषय घेतला स्वतःच्या आत काय मोडलंय तो. त्याला कुणीतरी 'इमोशनल हार्डकोर' म्हटलं, त्याचं झालं 'इमोकोर', मग 'इमो'. ज्यांच्यासाठी शब्द निघाला त्यांनाच तो आवडला नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक बँडने मुलाखतीत 'आम्ही इमो नाही' असं सांगून घेतलेलं आहे.

आपल्याकडे मात्र या शब्दाला लाज चिकटली नाही. भावगीत! शब्दाला शब्द ठेवला तर दुसरं काय होतं? फरक इतकाच की भावगीतातला माणूस कितीही मोडला तरी शर्टाला इस्त्री असते. तो 'तू गेलीस' हे सुद्धा यमनमध्ये सांगतो.

आणि पॉप पंक? ते इमोचं सख्खं चुलत भावंड. एकाच्या घरी पिठलं, दुसऱ्याच्या घरी झुणका. डाळीचं पीठ तेच. तेच तीन-चार कॉर्ड, तीच उपनगरातली कंटाळलेली पोरं, तोच एमटीव्ही. एक रडून सांगतो, दुसरा पादण्यावर विनोद करून. 'ब्लिंक-१८२' या पॉप पंक बँडचा १९९९ चा अल्बम 'एनिमा ऑफ द स्टेट' आता ऐकताना त्यातले निम्मे विनोद मला सोसत नाहीत. पण त्यांचा गायक टॉम डिलाँग नाकातून ते चेंगरलेले स्वर काढू लागला की आजही हसू येतं. बाईंनी त्याला पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं.

'ग्रीन डे' बँडची गोष्ट त्याहून जुनी. कॅलिफोर्नियात बर्कलीला गिलमन स्ट्रीटवर पोरांनी स्वतः चालवलेला एक क्लब होता, अजून आहे. नियम असा की मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवायला बंदी. ग्रीन डे तिथेच वाढले, करार केला, १९९४ मध्ये 'डूकी' हा अल्बम काढला, तो एकट्या अमेरिकेत कोटीच्या वर खपला, आणि घरचे दरवाजे बंद झाले. पुन्हा तिथे वाजवायला त्यांना २०१५ उजाडलं. आपल्याकडे आंतरजातीय लग्न केलेल्या पोरालासुद्धा इतकी वर्षं लागत नाहीत. नातवंड झालं की मिटतं.

या सगळ्या कथांमध्ये एक शब्द सारखा यायचा, तो म्हणजे बेसमेंट. हे बँड बेसमेंटमध्ये वाजवत. मला माहीत असलेलं एकच तळघर होतं, आजोळच्या वाड्यातलं. तिथे कणग्या, जळमटं, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे एक जुना नाग. त्यामुळे वीस पोरं घामाघूम होऊन ज्वारीच्या पोत्यांमध्ये गिटार बडवताहेत, असलं चित्र माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं होतं.

ते दुरुस्त झालं २०१२ मध्ये. कंपनीने ऑनसाईट पाठवलं, तेही कुठे, तर न्यू जर्सीत एडिसनला. इथे चितळ्यांची बाकरवडी मिळते हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण एडिसनच्या पुढचं स्टेशन न्यू ब्रन्सविक आहे, हे कुणी बोललं नव्हतं! रटगर्स विद्यापीठाच्या आसपासची ती भाड्याची घरं, जिथे पोरांनी तळघरात कार्यक्रम भरवून एक अख्खी पिढी घडवली. 'थर्सडे' बँडचा गायक जेफ रिक्ली स्वतःच्या घरी कार्यक्रम ठेवायचा. 'माय केमिकल'चा २००२ चा पहिला अल्बम त्यानेच प्रोड्यूस केला. एका शनिवारी मी तिथल्या दोन-तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. रंग उडालेले व्हरांडे, बाहेर काढून ठेवलेला सोफा, कचऱ्याचे डबे. बघण्यासारखं काहीही नाही. मी तरी फोटो काढले. एक पोरगा सायकलवरून जाताना माझ्याकडे बघत गेला, की ही बाई डब्यांचे फोटो का काढतेय.

बेसमेंट कळलं ते तिथे नाही. ते कळलं दोन आठवड्यांनी, एडिसनमध्ये एका सहकाऱ्याच्या घरी, गणपतीत.

त्याचं बेसमेंट म्हणजे बुटकं छत, एका कोपऱ्यात जादाचा फ्रीज, तांदळाच्या गोण्या, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, आणि मधोमध थर्माकोलच्या मखरात गणपती. चाळीसेक माणसं दाटीवाटीने उभी. आरती सुरू झाली. सुखकर्त्यापर्यंत सगळे शहाण्यासारखे होते. मग 'येई हो विठ्ठले' आलं. ज्याने आयुष्यात कधी सूर लावला नाही तो माणूससुद्धा त्या आरतीत ताण घेतो, तुम्हाला माहीतच आहे. माझ्या शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ, दिवसभर डेटाबेस सांभाळणारे, डोळे मिटून, मानेच्या शिरा ताठ करून जो 'ये' धरून बसले तो सोडेचनात. त्यांचा आवाज फाटला. पलीकडच्याने उचलला. त्याचा फाटला, बायकांनी उचलला. छत इतकं खाली की आवाजाला जायला जागाच नव्हती. तो डोक्यावर आपटून पुन्हा अंगावर येत होता. टाळ्या लय सोडून धावत होत्या. कुणाचाही सूर लागत नव्हता, आणि कुणालाही थांबायचं नव्हतं.

मी टाळी वाजवायची विसरले. सीडीवर मी वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज हाच होता. ओळीच्या शेवटी गायक माईक गर्दीकडे फिरवतो आणि पोरं घसे फोडून पुढची ओळ घेतात, तो. त्या गाण्यात सूर चुकतो म्हणून गाणं बिघडत नाही. तो वरती पोहोचला असता तर सांगायला उरलं काय असतं? बाईंचंही खोटं नव्हतं. रबर नाहीच तो. पण काही गाणी घसा फाटण्याच्या जागेवरच उभी असतात.

पुढच्या मार्चमध्ये, मी अजून त्याच राज्यात असताना, 'माय केमिकल' फुटले. जर्सीचीच पोरं ती, तिथल्याच गावात वाढलेली. ऑफिसात माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधली मुलगी रडत होती. आम्ही तोवर फक्त प्रिंटरबद्दल बोललो होतो. त्या दिवशी जेवायला बरोबर गेलो. २०१९ च्या हॅलोविनला बँड परत येत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा तिचा मला मेसेज आला. नुसता एक पियानो.

आता सगळं गोड वाटतं असं मात्र नाही. हॉस्टेलवर असताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, आता प्रत्येक तिसऱ्या गाण्यात खटकतं: या गाण्यांत मुलगी असते, पण तिला तोंड नसतं. ती सोडून जाते, ती दगा देते, तिचं वाईट होवो. तिचं नाव गाव, तिचं म्हणणं, काही नाही. जेसिका हॉपर या समीक्षिकेने हे २००३ मध्येच 'पंक प्लॅनेट' मासिकात लिहून ठेवलं होतं. इमोत मुली आहेत कुठे, असाच तिच्या लेखाचा सवाल होता. मी तो वाचला बाराएक वर्षं उशिरा. म्हणजे ती लिहीत होती तेव्हा मी जेमतेम शाळेच्या शेवटच्या इयत्तांत, आणि त्यानंतर मी जाऊन त्याच मुलांच्या बाजूने, त्याच अनोळखी मुलींना शिव्या घालत घसा बसवला. पुढे या जगातल्या काही गायकांबद्दल जे बाहेर आलं, त्यानंतर दोन-तीन अल्बम मी काढूनच टाकले. ते न ऐकता चालतं, असंही लक्षात आलं.

'पॅरामोर' बँडचा 'रायट!' हा अल्बम आला २००७ मध्ये, तेव्हा त्यांची गायिका हेली विल्यम्स अठरा वर्षांची होती. शेवटी एकदाची एक मुलगी माईकपुढे. आणि तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं कशावर? दुसऱ्या मुलीवर सूड! तिने २०१८ मध्ये सांगितलं की आता हे गाणं नको, आणि २०२२ मध्ये पुन्हा गायला घेतलं. लोक यावर भांडतात. मला तिचे दोन्ही निर्णय पटतात. माझ्याही जुन्या डायऱ्या आहेत. दर दिवाळीच्या सफाईत त्या जाळायला काढते आणि परत माळ्यावर टाकते.

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आले. मी गेले. आजूबाजूला माझ्याच वयाची माणसं, उड्या मारायच्या आधी गुडघ्याचा अंदाज घेणारी. त्याबद्दल एवढंच.

मेथीकडे येते. एक जुडी राहिली होती तेव्हा 'जिमी ईट वर्ल्ड' या बँडचं गाणं लागलं. अल्बम 'क्लॅरिटी', १९९९. या अल्बमनंतर रेकॉर्ड कंपनीने त्यांना नारळ दिला, मग त्यांनी पदरचे पैसे घालून पुढचा अल्बम केला आणि तोच तुफान चालला, ती गोष्ट सगळे सांगतात. मला सांगायचंय ते 'क्लॅरिटी'तल्या शेवटच्या गाण्याचं, 'गुडबाय स्काय हार्बर'. 'सॅड २'वरचं माझं लाडकं. ते जेमतेम साडेतीन मिनिटांचं होतं आणि गिटार चालू असताना खाड्‌कन बंद व्हायचं. मला ते फार थोर वाटायचं. निरोप असाच घ्यायचा असतो, यावर मी वसईच्या मुलीला एक रात्र व्याख्यान दिलं होतं.

गाणं सोळा मिनिटांचं आहे. उतरवताना लाईन तुटली होती.

त्या दिवशी ते साडेतीन मिनिटांवर आलं, आणि मी सवयीने थांबले, आणि ते थांबलं नाही. तोच गिटारचा तुकडा पुन्हा आला. पुन्हा. शब्द संपले होते. आवर्तनं मोजावीत तशी मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. मागून एक आवाज आला, नुसता सूर, मग त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कुणी ताणत नव्हतं, कुणी कुठे पोहोचायच्या घाईत नव्हतं. वीस वर्षं हे इथेच चालू होतं म्हणायचं, मी ऐकत नसताना.

आईने निवडलेली पानं चाळणीत ओतली, रद्दीचा कागद देठांसकट गुंडाळला आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबली.

"हे अजून तेच चाललंय?"

"तेच."

ती ओट्याशी गेली. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती त्याच तुकड्यावर काहीतरी गुणगुणत होती, अर्धा सूर खाली.