फॅमिली थेरपीत माझी खुर्ची हलवली, त्याची गोष्ट

धाकट्या भावाचं कॉलेजला जाणं जवळजवळ बंद झालं होतं. सकाळी पोट दुखायचं, दुपारपर्यंत थांबायचं. तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनीच फॅमिली थेरपी सुचवली. बाबा म्हणाले, "दुखतंय त्याचं, मग सगळ्यांनी कशाला जायचं?" मलाही मनातून तसंच वाटत होतं. मी नोकरी करणारी, घरातली समंजस मुलगी. माझं तिथे काय काम?

पहिल्या भेटीत थेरपिस्ट मॅडमनी पोटदुखीबद्दल फारसं विचारलंच नाही. बाबांशी त्यांच्या कामावर बोलल्या, आईशी बोलताना तिच्यासारख्याच सावकाश झाल्या. गप्पांचेच पैसे मोजतोय की काय, असं मला वाटून गेलं. पण ही या पद्धतीची पहिली पायरी असते. थेरपिस्टने आधी घरात सामील व्हायचं, मग ढवळाढवळ करायची.

पद्धतीचं नाव स्ट्रक्चरल फॅमिली थेरपी. ती उभी केली साल्वादोर मिनुचिन यांनी. १९२१ साली अर्जेंटिनात जन्मलेले हे मानसोपचारतज्ज्ञ १९६०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत, गुन्ह्यांच्या वाटेला लागलेल्या गरीब घरच्या मुलांबरोबर काम करत होते. एकट्या मुलाशी बोलून भागत नाही, त्याच्या घराची घडण पाहावी लागते, हा विचार तिथे आकाराला आला. पुढे फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन क्लिनिकचे ते प्रमुख झाले.

आमच्या घराची घडण आम्हाला दिसली ती पुढच्या एका भेटीत. मॅडम आई-बाबांना म्हणाल्या, "त्याच्या कॉलेजचं काय करायचं, ते तुम्ही दोघं आत्ता इथेच ठरवा." आई लगेच माझ्याकडे वळली, "तूच सांग ना यांना." मी सुरुवात केली, "आईचं म्हणणं असं आहे की..." मॅडमनी हात वर केला. "आईंना बोलता येतं." मग त्यांनी मला दोघांच्या मधून उठवलं, भावाशेजारी बसवलं आणि आई-बाबांच्या खुर्च्या समोरासमोर केल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ पुटपुटला, "ताई, तुला सुट्टी."

दोघं बराच वेळ गप्प. मग एकदम जुंपली. आवाज चढले तसा भावाचा हात पोटावर गेला. बाबा भांडण सोडून वळले, "काय रे, दुखतंय का?" आईही वाकली. भांडण मिटलं! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आत्ता काय झालं, बघितलंत? त्याला मी बघते, तुमचं बोलणं पूर्ण करा." पोरगा नाटक करत नव्हता, दुखणं खरंच होतं. पण त्या दुखण्याने आई-बाबांचं भांडण थांबायचं, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

नंतर त्यांनी कागदावर आमच्या घराचा नकाशा काढला. नवरा-बायको हा एक गट, आई-वडील म्हणून त्याच दोघांचा दुसरा, भावंडांचा तिसरा. गटांमध्ये सीमा. तुटक रेघ म्हणजे स्पष्ट पण मोकळी सीमा, नुसते ठिपके म्हणजे पुसट, अखंड रेघ म्हणजे कडक. आई आणि माझ्यामध्ये ठिपके होते, बाबांभोवती अखंड रेघ. मी बहीण असूनही वरच्या मजल्यावर, पालकांच्या रांगेत जाऊन बसले होते. अशा मुलांना या पद्धतीत 'पालक झालेलं मूल' म्हणतात. घरच्या अडचणीत मुलांनी थोडी जबाबदारी उचलणं वाईट नाही, पण ती खुर्ची कायमची झाली की पंचाईत.

मला गृहपाठ मिळाला: निरोप पोचवायचे नाहीत. "मला नको, बाबांना सांग," एवढंच म्हणायचं. वाक्य सोपं, पण आईचा चेहरा पडायचा आणि माझा जीव तुटायचा. भावाचं कौतुक सगळ्यांना होतं; माझं जे गेलं त्याबद्दल कुणी विचारलं नाही. घरात आपल्यावाचून अडतं, या जाणिवेचीही सवय लागते.

एका भेटीत मॅडमनी उघडउघड बाबांची बाजू घेतली. आई इतकी चिडली की पुढच्या वेळी यायलाच तयार नव्हती. तोल मुद्दाम बिघडवणं हेही तंत्रच, पण मला ते आजही थोडं दांडगाईचं वाटतं. स्त्रीवादी अभ्यासकांनीही फॅमिली थेरपीवर टीका केली आहे, की घरातली सत्ता मुळातच विषम असते याकडे ती काणाडोळा करते. मला ती टीका पटते.

भाऊ आता कॉलेजला जातो, अधूनमधून दांडी मारतो. आई-बाबा पूर्वीपेक्षा जास्त भांडतात, पण एकमेकांशी.

कुणी विचारलं तर मी या थेरपीला जा म्हणते, एक अट घालून. घरात मारहाण किंवा धाक असेल तर ते थेरपिस्टला आधी एकट्याने भेटून सांगा. तिथे सगळ्यांना एका खोलीत बसवून "बोला" म्हणणं धोक्याचं ठरू शकतं.