कपाशीची बाटली, भेंडीचा अहवाल

2019 च्या ऑगस्टमधली ही गोष्ट आहे. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील एका खासगी प्रयोगशाळेत मी तेव्हा भाजीपाल्यातील कीटकनाशकांचे अवशेष तपासत असे. युरोपला विमानाने जाणाऱ्या भेंडीचा नमुना वाशीहून आला होता आणि निर्यातदाराला अहवाल तातडीने हवा होता, कारण तोडलेली भेंडी कोणासाठी थांबत नाही.

भेंडी हा तपासणीला त्रासदायक माल आहे. वाटताना तिचा चिकट लगदा होतो, म्हणून आम्ही ती कोरड्या बर्फाबरोबर दळत असू. दहा ग्रॅम लगदा, त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक, मग क्षार, मिनिटभर जोरात हलवणे, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवणे, आणि वरचा स्वच्छ थर यंत्रात. त्या दिवशी पडद्यावरच्या आलेखात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचे पीक, म्हणजे टोक, आले. 224 वस्तुमानाचा आयन (विद्युतभारित कण), त्याचे 127 आणि 193 हे तुकडे, त्यांचे परस्पर प्रमाण, यंत्रातल्या स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ, सारे आमच्याकडच्या शुद्ध मोनोक्रोटोफॉसच्या प्रमाण-द्रावणाशी जुळत होते. आकडा आला किलोमागे 0.04 मिलिग्रॅम. युरोपची मर्यादा 0.01, म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम. मी राखून ठेवलेल्या लगद्यातून दुसरा भाग घेऊन पुन्हा तपासले. आकडा जवळपास तोच आला. मोजमापातील पन्नास टक्के अनिश्चितता वजा केली तरी नमुना मर्यादेबाहेरच राहत होता. अहवाल गेला आणि माल अडकला.

तिसऱ्या दिवशी निर्यातदाराच्या माणसाबरोबर स्वतः शेतकरीच आले. पन्नाशीचे गृहस्थ, जळगाव जिल्ह्यातून रात्रीच्या गाडीने दादरला उतरून लोकलने अंधेरीला पोहोचलेले. आमच्याकडे ग्राहकाशिवाय कोणाशी निकालावर बोलण्याची पद्धत नाही, पण निर्यातदाराची संमती होती आणि काकांना परत पाठवणे मला जमले नाही. मी पडद्यावर आलेख उघडून म्हणाले, “काका, हे मोनोचं पीक बघा.” ते गोंधळून म्हणाले, “ताई, मोनोचं कुठं पीक असतंय? पीक भेंडीचं.” दिवसभर यंत्रापुढे बसणाऱ्या आम्हा लोकांच्या बोलीत इंग्रजी ‘पीक’ इतके मुरले आहे की मूळ मराठी शब्द समोर बसला आहे याचेही भान राहत नाही.

मग त्यांनी पिशवीतून, दोन प्लास्टिकच्या थैल्यांत गुंडाळलेली रिकामी बाटली काढली. मी हातमोजे घालून ती घेतली. कोनावर उभा केलेला चौकोन, वरच्या अर्ध्यात कवटी आणि विषाची सूचना, खालचा अर्धा भडक लाल. म्हणजे अतितीव्र विषारी गट. “बाटलीवर कपाशी लिहिलंय, मी कपाशीवरच मारलं,” ते म्हणाले. ते खोटे बोलत आहेत असे मला वाटले नाही. भाजीपाल्यावर या औषधाला 2005 पासून बंदी होती; कपाशीवर मात्र ते कायदेशीर होते आणि दुकानात उघड मिळत होते. कपाशी आणि भेंडी एकाच कुळातल्या, तुडतुडे ही कीड दोन्हींवर येते, आणि काकांच्या शेतात दोन्हींमध्ये फक्त एक बांध होता. फवारणीचा पंपही एकच. “पंप धुता का?” या प्रश्नावर ते थोडे थांबले. “पाण्यानं विसळतो.” कपाशीनंतर दोनच दिवसांनी त्याच पंपाने भेंडीवर दुसरे औषध मारले होते.

पंपातून आले की वाऱ्याने, हे मी सांगू शकत नव्हते, कारण यंत्र किती ते सांगते, कुठून ते नाही. शिवाय मोनोक्रोटोफॉस आंतरप्रवाही आहे, पाण्यात सहज विरघळते आणि झाडाच्या आत जाते. भेंडी धुऊन ते निघेल या आशेवर राहता येत नाही. मला मात्र राग आला तो नियमाच्या रचनेवर. एकाच बाटलीला एका ओळीत परवानगी आणि बांधापलीकडच्या ओळीत बंदी. हे पाळायचे कोणी, तर ज्याच्याकडे एकच पंप आहे त्याने. 2017 मध्ये यवतमाळला फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य सरकारने काही औषधांची विक्री थांबवली, तीही मोजक्या जिल्ह्यांत आणि साठच दिवस, कारण 1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्याच्या हाती तेव्हा अशी तात्पुरती बंदीच दिली होती. कायमची बंदी केंद्राकडे. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणाविरुद्ध केंद्राचा आदेश निघाला तो 2023 मध्ये.

त्या दिवशी माझ्या हातात यातले काहीच नव्हते. अहवाल बदलता येत नाही, हे काकांनाही ठाऊक होते. त्यांनी तशी मागणीही केली नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले, “भाजीवर मारू नका असं यावर कुठं लिहिलंय, दाखवा ना.” बाटलीला चिकटवलेल्या घडीपत्रकाच्या आतल्या पानावर ती ओळ मला भिंग लावून सापडली. मी ते पान झेरॉक्स यंत्रावर दुप्पट मोठे केले, तरी मराठी अक्षरे फुटली आणि एकमेकांत मिसळली. शेवटी कोऱ्या कागदावर मार्करने ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहून दिली आणि खाली ‘भेंडीसाठी पंप वेगळा’ असे जोडले. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि बाटली पुन्हा त्याच दोन थैल्यांत गुंडाळू लागले.