सव्हानाचा घोळ: ९८६ ची ड्रायव्हर सीट, पुढचा भाग

(नव्यांसाठी: ९८६ म्हणजे आपली जुनी पोर्शे बॉक्स्टर, उघडणाऱ्या छपराची; सव्हाना हे तिच्या सीटच्या बेज रंगाचं नाव.) झिजलेल्या बोल्स्टरचा, म्हणजे सीटच्या कडेच्या फुगीर उशीचा, नवा रंग गॅरेजमध्ये झकास जुळला होता. सीट उचलून बाहेर उजेडात आणली आणि तोंडचं पाणी पळालं. अख्खी सीट बेज, आणि डावीकडचा नवा रंगवलेला पट्टा चक्क गुलाबी. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, "तिथे बँडेज लावलंय का?"

त्यावर येतोच, पण आधी चांगली बातमी सांगू द्या. सेंटर कन्सोल आणि दारांच्या मुठींचं काम संपलं! पोपडे सगळे निघाले. हा सॉफ्ट-टच रंग म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. दमट हवा, उष्णता आणि हाताचा घाम यांनी तो वर्षानुवर्षं आतून सडत जातो. काही गाड्यांत तो गुळासारखा चिकट होतो, आपल्या ९८६ मध्ये नखाने निघतो. आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेलं फडकं ठेवायचं, वरून स्वयंपाकघरातली प्लॅस्टिक फिल्म गुंडाळायची, म्हणजे अल्कोहोल उडून जात नाही, आणि मग प्लॅस्टिकच्या पातीने खरवडायचं. ॲसिटोन सुचवणाऱ्यांना हात जोडून विनंती: खाली एबीएस प्लॅस्टिक असेल तर ते विरघळतं. पुढे प्लॅस्टिक प्रायमर आणि सॅटिन काळ्याचे पातळ हात. चिन्हं असलेल्या बटणांना मात्र मी हात लावलेला नाही, तुम्हीही लावू नका. अशा बटणांवरचं चिन्ह बहुधा त्या वरच्या रंगातच लेसरने कोरलेलं असतं. रंग गेला की चिन्हही गेलं. असो. मुठीत बोटं घातली की बोटं काळी होत नाहीत, या आनंदात काल उगाचच दाराची उघडझाप करत बसलो.

आता सव्हाना.

डावा बोल्स्टर का झिजतो हे तुम्हाला सांगायला नको. सीट जमिनीलगत, उंबरा रुंद, त्यामुळे माणूस आत बसत नाही, घसरतो. आणि घसरताना जीन्सचे रिव्हेट त्याच कडेवरून जातात. (आपली गाडी झुफेनहाउझेनची, म्हणजे पोर्शेच्या स्टुटगार्टमधल्या कारखान्याची, नाही बरं का. चॅसी नंबरात अकरावं अक्षर यू आहे, म्हणजे फिनलंडमधल्या उसिकौपुंकीची, वाल्मेट कंपनीने जोडलेली. राहतो स्टुटगार्टजवळ आणि गाडी फिनलंडची. पण बोल्स्टर दोन्हीकडचे सारखेच झिजतात.) चामड्यावरचा रंगाचा थर मुळात कागदाहून पातळ. तो गेला की खालचे करडे तंतू दिसतात, मग भेगा.

भेगा भरणं सोपं गेलं. क्लीनर, मग डिग्रीझर, बारीक पॉलिशपेपर, मग कलरलॉक या चामड्याचे रंग बनवणाऱ्या कंपनीचं फ्लुइड लेदर (भेगा भरायची लुकण) पातळ पातळ भरत गेलो. हाताला आता काही लागत नाही. गाडं अडलं ते रंगावर. "हुबेहूब सव्हाना" असं छापून बाटली विकणारं एक ऑनलाइन दुकान आहे, नाव घेत नाही. त्या बाटलीत जे काही होतं ते सव्हानाच्या गावाहूनही गेलेलं नव्हतं. त्यापेक्षा कलरलॉकला चामड्याचा तुकडा पाठवला की ते त्यावरून रंग बनवून देतात. महाग आहे, पण माझ्या मते तेवढे पैसे द्यावेत. सीटच्या बुडाशी दुमडलेली पट्टी कापून पाठवली. आलेला रंग त्या पट्टीशी तंतोतंत जुळला. सीटशी नाही.

कारण उघड आहे: बुडाखालची पट्टी २००१ ची आहे, आणि वरची सीट वीसेक वर्षं छप्पर उघडं ठेवून उन्हात फिरलेली. म्हणून थोडा पिवळा, कणभर काळा असं घालत मी तो जुळवत आणला, तेही रात्री गॅरेजच्या एलईडीखाली. तिथे जुळला आणि दिवसा फुटला. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या पिग्मेंटांनी बनलेले असले, तरी एका दिव्याखाली ते सारखे दिसतात आणि दुसऱ्याखाली वेगळे. स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळ्याचा मोठा सुळका असतो आणि गडद लाल जवळजवळ नसतो. बेजमधला लाल अंश तिथे डोळ्याला दिसतच नाही; बाहेर आलं की तोच गुलाबी होऊन वर येतो.

मग पांढऱ्या कार्डाच्या पट्ट्यांवर मिश्रणं लावून, वाळवून, ती सीटवर टेकवून खिडकीत बघायला लागलो. ओला रंग बघून काहीही ठरवू नका, वाळल्यावर तो गडद होतो. तरी गंमत अशी की जी पट्टी सीटच्या मधोमध जुळायची, ती कडेशी लालसर दिसायची. कडेशी जुळलेली मध्ये हिरवट. डोकं पिकलं. शेवटी भिंगाखाली बघितलं तेव्हा कोडं सुटलं. बोल्स्टरला लागून असलेल्या भागात जीन्सची नीळ थराच्या आत मुरलेली आहे. क्लीनरने वरची निघते, मुरलेली निघत नाही. पिवळसर बेजवर निळं बसलं की हिरवट झाक येणारच. म्हणजे ज्या रंगाशी मी जुळवत होतो तो एक रंग नाहीच. वितेवितेवर बदलतोय!

पुण्याचे आपले मर्सिडीज एसएलकेवाले काका फोनवर म्हणाले, "अरे, शिवणीपर्यंत रंगव आणि थांब. शिवण आली की नजर फसते." बरोबर आहे त्यांचं. शिवणीच्या दोन बाजूंचा थोडा फरक खपून जातो, सपाट जागी खपत नाही. तेच करायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता दुसरं सुचलं. पॅसेंजर सीटवर फारसं कुणी बसलेलं नाही, तिथे नीळ नाही, आणि ऊन दोघींनी सारखंच खाल्लंय. मग नमुना तिच्या मध्यावरून घ्यावा आणि ड्रायव्हरची बैठक बोल्स्टरसकट पूर्ण त्याच रंगात करावी. रंग जास्त लागेल, पण निळीशी भांडायला नको. शेवटचा सीलर (रंगावरचा संरक्षक थर) मात्र पॅसेंजर सीटच्या चकाकीशी ताडून घेणार. रंग तोच असला तरी मॅट पृष्ठभाग फिका दिसतो, चकचकीत गडद. शिवणीचा बेत तूर्तास रद्द. काका, रागावू नका.

सीट बाहेर आहे तोवर गालिच्याखालचं इमोबिलायझरचं (गाडी चोरीला जाऊ नये म्हणून असलेलं) युनिट बघून घेतलं. कोरडं ठणठणीत. छपराच्या पन्हळी तुंबल्या की पाणी थेट तिथेच येतं, तेव्हा ज्यांनी त्या कधी साफ केल्या नसतील त्यांनी आजच करा. आणि सीट काढलेली असताना चावी फिरवू नका, सीटबेल्टच्या बकलची वायर सुटलेली असते. एअरबॅगचा दिवा लागला तर टेस्टर लावल्याशिवाय जात नाही.

नवा दिवा घ्यायचाय. ९५ च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेले बरेच मिळतात, पण पाकिटावर नुसता सीआरआय छापतात आणि त्यात गडद लाल मोजलेलाच नसतो. तो आकडा वेगळा असतो, आर९. कुणी आर९ सांगणारा दिवा वापरत असेल तर नाव कळवा. मागच्या प्लॅस्टिक काचेबद्दल विचारणाऱ्यांसाठी: तिला अजून हात लावलेला नाही. इथे थंडी आहे, आणि थंडीत छप्पर दुमडलं की ती बरोबर घडीवर तडकते.