तुम्ही विचारलंत म्हणून: सावडणं

पुण्यात वीस वर्षं झाली तरी कुणीतरी विचारतंच, "सावडायला जाणार म्हणजे काय हो, तुमच्याकडचा कानडी शब्द आहे का?" नाही. मराठीच आहे. कोल्हापुरात म्हणतात, कोकणात म्हणतात, बेळगावच्या माणसानं म्हटलं की तोच कानडी होतो.

तिसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन अस्थी आणि राख गोळा करणं, असं सांगून मोकळं होता येतं. पण गोळा तर वर्गणीपण करतात आणि कचरापण. सावडणं म्हणजे विखुरलेलं हातानं जवळ घेणं, काही मागं राहू न देता. आणि शेतातली सावड आहेच. आमचं खानापूर तालुक्यात भात, रोप लावायची वेळ आली की आज आमच्या शेतात पाच घरची माणसं, उद्या आम्ही त्यांच्यात, पैसे नाहीत, दिवसाला दिवस फेडायचा. यालाच कानडी शेजारी मुय्याळु म्हणतात, आता सांगा कुठला शब्द कुणाचा.

एवढं ठणकावून सांगतोय खरं, पण बाबा गेले तेव्हा मीच या शब्दाची लाज धरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमलेली, पुण्याहून माझे ऑफिसचे दोघं आलेले, आणि आत्या बुट्टी घेऊन बाहेर आली नि म्हणाली, "चल बाळ, अण्णाला सावडाय जायचंय, ऊन होतंय." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आत्या, असं काय बोलतेस, अस्थिसंचय म्हण." ती काही बोलली नाही. बुट्टी माझ्या हातात दिली आणि मागनं चालायला लागली.

राखेवर पाणी मारलं तरी आतनं गरम होती. मी भराभर उचलायला लागलो तर काका म्हणाले, पायाकडनं घे, डोकं शेवटी. पायाकडनं घेतलं म्हणून ती पट्टी लगेच हाताला लागली. बाबांची नडगी मोडली होती तेव्हा बसवलेली स्टीलची पट्टी, काळी पडलेली, दोन स्क्रू तसेच. ही अस्थी की काय, घ्यायची की टाकायची, कुणालाच कळेना. मी ती हातात धरून उभाच. आत्यानं पुढं येऊन पदरानं पुसली, बुट्टीत ठेवली आणि एवढंच म्हणाली, "हेबी त्याचंच." मग सावडीतल्या घरची माणसं वाकली. मी एकट्यानं उरकायला निघालो होतो ते आठ-दहा हातांनी झालं. त्यातले एक म्हातारे मलप्रभेवर राख सोडताना म्हणाले, अण्णाचा एक दिवस आमच्यावर राहिलाय. पुढच्या पावसात न बोलवता आले आणि आमचं रोप लावून गेले. तेव्हापासून मला शेतातली सावड आणि स्मशानातलं सावडणं वेगळं काढता येत नाही, व्याकरणवाल्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे.

तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, तुला बोलायला काय जातंय, रोज कॅन्टीनमध्ये "तुमचं मराठी जरा वेगळंच" ऐकून घेतलंय मी. खरं आहे त्याचं. १९५६ ला आमचा बेळगावचा भाग कानडी राज्यात गेला, तेव्हापासून आमच्या मागच्या पिढ्या मराठी आहोत म्हणून भांडत आल्या, आणि इकडं येऊन तेच मराठी लपवावं लागतं याचा राग होता, तो राग आत्यावर निघाला. कारण म्हणून पटतं. पण तिनं काय केलं होतं? आणि मी तरी सुधारलोय कुठं, गेल्या वर्षी काका गेले तेव्हा रजेच्या अर्जात मी "रक्षाविसर्जन" लिहिलं. सावडणं लिहिलं असतं तर साहेबांनी परत तेच विचारलं असतं, आणि त्या दिवशी मला सांगत बसायचं नव्हतं.

आत्या आता थकलीय. परवा फोनवर गल्लीतल्या एका मयताचं सांगत होती, म्हणाली, "उद्या त्यांचं ते, तुमचं ते अस्थी का काय, ते हाय." मी म्हटलं, आत्या, सावडायचं म्हण की. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "असू दे." आणि पाऊस आला काय तिकडं, म्हणून विचारायला लागली.