लाइनचे पेपर तपासताना

११ फेब्रुवारी २०२४ला लास व्हेगासमध्ये आमचे फोर्टी-नाइनर्स, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, सुपर बोल ही हंगामाची अंतिम लढत हरले. २५-२२, आणि तेही ओव्हरटाइमचे तीन सेकंद उरलेले असताना. मी कॅलिफोर्नियात सनीवेलला राहतो, संघाचं स्टेडियम शेजारच्या सांता क्लारात. त्यामुळे सोमवारी ऑफिसात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. जानेवारी १९९५नंतर एकही सुपर बोल जिंकलेला नाही, हे वाक्य कॉफी मशीनपाशी मी चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा कुणी म्हणायच्या आत मी तावातावाने बोलून गेलो, "क्वार्टरबॅकला कशाला शिव्या देता? लाइनने घात केला."

आमच्यात एक जण मूळचा कॅन्सस सिटीचा, म्हणजे जिंकलेल्या चीफ्सचा. त्याने शांतपणे विचारलं, "लाइन म्हणजे पाच जण. त्यातला कोण? किती वेळा?"

मला एकही नंबर सांगता आला नाही. सोळा वर्षं हा खेळ बघतोय मी.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, आणि त्याच्यापुढे ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच धिप्पाड गडी. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. यांनी चेंडू धरायचा नाही, फेकायचा नाही. समोरून येणाऱ्याला अडवायचं. क्रिकेटच्या स्कोअरबुकात अकराव्या नंबरच्या फलंदाजाच्या नावापुढेही काहीतरी असतं, निदान भोपळा तरी. या पाचांच्या नावापुढे अधिकृत आकडेवारीत जवळजवळ काहीच नसतं.

पण मार्क देणारे लोक आहेत. सिनसिनाटीतली प्रो फुटबॉल फोकस ही कंपनी नील हॉर्न्सबी नावाच्या माणसाने मुळात इंग्लंडात बसून सुरू केली. तिची पद्धत जाहीर आहे: प्रत्येक प्लेमध्ये (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा एक तुकडा) मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूला उणे २ ते अधिक २, अर्ध्या-अर्ध्या मार्काच्या पायरीने. जे काम अपेक्षित होतं ते केलं तर शून्य. त्यावरून पुढे ० ते १००मधला आकडा काढतात. त्यांचे आकडे मला आयते बघता आले असते. पण मला चेव चढला होता. ठरवलं, आमच्या पाच जणांचे मार्क मी स्वतः काढणार. आमच्या संघाचे सत्तरच्या आसपास प्ले, गुणिले पाच, म्हणजे साडेतीनशे नोंदी. दोन रात्रींचं काम, असं मी बायकोला सांगितलं. तिने नुसतं "बरं" म्हटलं.

टीव्हीवरच्या चित्रणाचा या कामाला उपयोग नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. लागतं ते प्रशिक्षक वापरतात ते चित्रण, ऑल-ट्वेंटीटू. बावीसच्या बावीस खेळाडू चौकटीत, एकदा बाजूने उंचावरून आणि एकदा गोलपोस्टच्या मागून. २०१२पर्यंत हे सामान्य प्रेक्षकाला मिळतच नसे. आता एनएफएलची, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगची, वर्गणी भरली की मिळतं. समालोचन नाही, रिप्ले नाही, जाहिराती नाहीत. साडेतीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम ११ मिनिटं, हे त्या चित्रणात पटतं. पाच-सहा सेकंदांचा एक तुकडा, की पुढचा. आवाज नसल्यामुळे सगळं एखाद्या बँकेच्या सीसीटीव्हीसारखं दिसतं.

पहिल्या रात्री दोन तासांत बारा प्ले झाले. एक्सेलमध्ये पाच रकाने, शेजारी चहा, बोट सतत मागे जायच्या बाणावर. झोपायच्या आधी सहज रकाने बघितले आणि ओशाळलो. जिथे आमचा चेंडू घेऊन पळणारा मॅकॅफ्री आठ-दहा यार्ड पळाला तिथे पाचही जणांना अधिक अर्धा. जिथे पास वाया गेला तिथे पाचांनाही उणे. म्हणजे मी सामन्याचा निकाल पाहून मार्क वाटत होतो. पहिल्याच चढाईत मॅकॅफ्रीच्या हातून चेंडू निसटला, त्या प्लेला तर मी रागाने अख्ख्या लाइनला उणे एक देऊन बसलो होतो. त्यांचा त्यात काय दोष?

तेव्हा आईची आठवण झाली. ती शाळेत शिक्षिका होती, आणि मार्च-एप्रिलमध्ये आमच्या डोंबिवलीच्या घरी दहावीचे पेपर तपासायला येत. ती कधीच एक उत्तरपत्रिका घेऊन शेवटपर्यंत तपासत नसे. गठ्ठ्यातल्या सगळ्यांचा प्रश्न एक आधी, मग सगळ्यांचा प्रश्न दोन. म्हणायची, एकाचा पहिला प्रश्न छान असला की दुसऱ्यालाही हात सैल सुटतो. मी लहानपणी तिच्यासाठी बेरजा करून द्यायचो, पण ही युक्ती डोक्यात कुठे राहिली होती कुणास ठाऊक.

बारा प्ले पुसले. दुसऱ्या रात्रीपासून एकच माणूस, सगळे प्ले. आधी फक्त डावा टॅकल, ट्रेंट विल्यम्स, नंबर ७१. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटला की तुकडा तिथेच थांबवायचा, पास पोचला की नाही ते बघायचंच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून, आता ॲरन बँक्स. मग सेंटर जेक ब्रेंडल. काम पाचपट लांबलं, पण माझं डोकं ठिकाणावर आलं. गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्यातून यांच्या पाठी, कमरा आणि बूट तेवढे दिसतात. चौथ्या रात्री मी ही माणसं नंबर न बघता चालण्यावरून ओळखायला लागलो.

आणि तिथे भेटली शून्यं. ढीगभर. विल्यम्स मागे सरकतो, दोन हात समोरच्याच्या छातीवर ठेवतो, समोरचा तिथेच अडकतो, प्ले संपतो. शून्य. पुढचा प्ले, शून्य. दीडशे किलोच्या आसपासचा माणूस इतक्या अलगद मागे सरकतो की मार्क द्यावासा वाटतो, पण ते त्याचं रोजचं काम आहे. शून्य देताना माझा हात अडखळायचा. आपल्याकडे शून्य म्हणजे नापास. इथे शून्य म्हणजे काम चोख. हे डोक्याला कळतं, बोटाला कळत नाही. एका रात्री मी उगाच तीन अर्धे दिले आणि सकाळी परत घेतले.

उलटा घोळही होतोच. गार्ड सपशेल हरला, पण क्वार्टरबॅकने त्याआधीच चेंडू फेकून दिला, तर? उणेच. क्रिकेटमध्ये कॅच सुटला म्हणून फलंदाजाचा तो फटका चांगला ठरत नाही, तसंच. ईएसपीएनवाले यासाठी घड्याळ लावतात: अडीच सेकंद थोपवलं तर लाइनवाला जिंकला. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते, ती सेकंदाला दहा वेळा जागा कळवते. त्यावरून यंत्रच निकाल देतं. माझ्याकडे चिप नव्हती, मोबाइलचं स्टॉपवॉच होतं. दोन दिवसांत ते सोडून दिलं, कारण माझं बोटच पाव सेकंद उशिरा पडायचं.

मोठा दणका मिळाला तो शेजारच्या मुलाकडून. सोळा वर्षांचा, शाळेच्या संघात गार्ड खेळतो. आईवडील नागपूरचे, त्याचं मराठी अडखळत, पण घरात मराठीच. डबा परत द्यायला आला आणि माझ्या स्क्रीनसमोर उभाच राहिला. मी ब्रेंडलला उणे एक लिहीत होतो. धावण्याचा प्ले होता. चीफ्सचा एक जण त्याच्या अगदी अंगावरून आत गेला आणि त्याने त्याला हातही लावला नाही.

"काका, हे का मायनस?"

"अरे, सोडून दिला ना त्याने."

"तो त्याचा नाहीये. हा झोन आहे. सगळे उजवीकडे जातात ना, मग तो माणूस मागच्याचा. गार्डचा." त्याने बोट ठेवून दाखवलं. पाचही जणांचं पहिलं पाऊल एकाच दिशेला, एकाच क्षणी पडत होतं. प्रत्येकाकडे माणूस नव्हे, जागा सोपवलेली होती. आमचा कोच काइल शॅनहन, त्याच्या संघाची ही जुनी ओळख, मी शंभरदा ऐकलेली. ऐकलेली होती, दिसलेली नव्हती. त्या रात्री धावण्याचे तीसेक प्ले पुन्हा काढले.

मुलगा त्यानंतर दर शनिवारी यायला लागला. बोर्डात परीक्षकांवर मॉडरेटर असतो. प्रो फुटबॉल फोकसमध्येही एकाने दिलेले मार्क दुसरा तपासतो. माझा मॉडरेटर कोपऱ्यातल्या बीनबॅगवर बसून शंकरपाळे खायचा आणि माझे मार्क बदलायचा. त्याने सांगितलं की त्यांचे कोच सोमवारी तीन गोष्टी बघतात: ज्याला अडवायचं त्यालाच अडवलं का, पाय आणि हात बरोबर होते का, आणि शिट्टी वाजेपर्यंत अंग चोरलं का. प्लस किंवा मायनस, मधलं काही नाही. व्यावसायिक संघांतही सोमवारच्या त्या बैठकीत बहुतेक असंच चालतं. फरक इतकाच की त्यांच्या कोचला प्रत्येकाला काय सांगितलं होतं ते ठाऊक असतं. आम्हाला पाऊल बघून अंदाज बांधायचा.

मग आला तो प्ले, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. ओव्हरटाइम, थर्ड डाउन म्हणजे तिसरा प्रयत्न, चार यार्ड हवेत, गोल फक्त नऊ यार्डांवर. इथे टचडाउन झाला असता, म्हणजे चेंडू गोलरेषेपार गेला असता, तर जादा किक धरून सात गुण. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू खेळात आला, आणि चीफ्सचा ख्रिस जोन्स, नंबर ९५, उजव्या बाजूने सरळ आत आला. त्याला कुणीच अडवलं नाही. आमचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीने घाईत फेकलं, पास वाया गेला, किक मारून तीन गुणांवर भागवावं लागलं. मग चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सने पुढच्या चढाईत मॅच संपवली.

सोमवारी ऑफिसात माझ्या मनात दोषी होता उजवा टॅकल, कोल्टन मॅककिविट्झ. टीव्हीवर जोन्सच्या जवळ तोच दिसला होता. गोलपोस्टमागच्या चित्रणात बघितलं तर ७४ नंबरचा गार्ड, स्पेन्सर बर्फर्ड, दुसऱ्याच माणसाकडे वळलेला. जोन्स तर सुरुवातीला जवळजवळ त्याच्यासमोरच होता. बर्फर्ड मुळात त्या जागी होता तेच दुसऱ्याला दुखापत झाली म्हणून. त्या जखमी जॉन फेलिसियानोने सामन्यानंतर सोशल मीडियावर याबद्दल काहीबाही लिहिलं आणि नंतर सहकाऱ्याची जाहीर माफी मागितली. मी पाच आठवडे चुकीच्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मॅककिविट्झला शून्य. बर्फर्डला मी उणे दोन लिहिलं.

"दोन नाही," मॉडरेटर म्हणाला. "एक."

"अरे, सुपर बोल गेला त्यात!"

"पण काका, हाच मिस पहिल्या क्वार्टरमध्ये झाला असता तर?"

मी गप्प. तासभर वाद घातला. माझं म्हणणं, जोन्ससारखा माणूस समोर असताना वळायचंच कसं. त्याचं म्हणणं, बाकावरून उठून येऊन अशा आवाजात, शेवटच्या क्षणी बदललेली हाक ऐकू आली नसेल तर? शेवटी दीडवर आलो, पण तो खुशीने आला नाही. तो चौकोन अजून पिवळा आहे.

ठरवलं नसतानाही एका गोष्टीत दोन तास गेले. तिसऱ्या क्वार्टरमधला तो पंट, म्हणजे चीफ्सनी आमच्याकडे लाथेने उडवलेला चेंडू. उंच आलेला चेंडू पडला आणि आमच्या डॅरेल लुटरच्या पायाला लागला. त्याची पाठ चेंडूकडे होती. आमच्याच मॅक्लाउडने उचलायचा प्रयत्न केला, चेंडू चीफ्सकडे गेला, पुढच्याच प्लेला टचडाउन. अशा वेळी चेंडूपासून लांब पळा म्हणून "पीटर, पीटर" ओरडायची बऱ्याच संघांत पद्धत आहे. ६१ हजार लोकांच्या गोंगाटात ती हाक कुणी दिली, कुणाला ऐकू आली, हे माझ्या मुक्या चित्रणात कसं दिसणार? माझ्या तक्त्यात या दोघांचे रकानेच नव्हते, तरी मी ते सत्तर वेळा बघितलं.

दोन रात्रींचं काम सात आठवडे चाललं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तक्ता पुरा झाला. कॅन्सस सिटीवाल्याला मी दुपारी जेवताना सांगितलं, की लाइन तेवढी वाईट नव्हती, बरीचशी शून्यंच आहेत, आणि मी म्हणत होतो तो माणूस चुकीचा होता. तो म्हणाला, "कुठल्या मॅचबद्दल बोलतोयस?"

सप्टेंबरपासून शेजारच्या मुलाच्या शाळेचा हंगाम सुरू झाला. "काका, माझे मार्क काढाल?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं, चित्रण पाठव म्हटलं. त्याच्या आईने प्रेक्षकांतून मोबाइलवर काढलेलं अख्ख्या सामन्याचं चित्रण आलं. स्नॅपपासून शिट्टीपर्यंत कॅमेरा त्याच्या पाठीवरून हललेला नाही. चार क्वार्टरमध्ये चेंडू एकदाही दिसत नाही.