सिडकोतलं आमचं घर आणि आईचे बिबडे

या उन्हाळ्यात आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड, पहिल्यांदाच दोन दिवसांत वाळले नाहीत. ज्वारी भिजवणं, दळणं, तो घाटा शिजवणं, पहाटे उठून ओल्या फडक्यावर एकेक पसरणं सगळं नेहमीसारखंच केलं, पण दुपारी तीनलाच गच्चीवरचं ऊन गेलं. मागच्या घरावर चौथा मजला चढलाय ना. आई काही बोलली नाही, फडकी ओढत ओढत उन्हाच्या मागे सरकवत राहिली, आणि मला मात्र तिथेच बसून सगळं सिडको, नाशिकमधली आमची वसाहत, आठवायला लागलं.

बाबांना 1988 ला इथे घर लागलं. एक खोली, किचन, मागे परसात मोरी, पुढे ओटा. बाबा अंबडला कंपनीत, शेजारचे काका सातपूरला, आणि गल्लीतले निम्मे लोक धुळे-जळगावकडचे नाहीतर सटाणा-कळवणचे. त्यामुळे नळावर अहिराणी, शाळेत मराठी, असं आमचं बालपण. श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसली की एकाच गल्लीत चार घरी रोटांचं जेवण, आम्ही पोरं सगळीकडे जेवून यायचो.

नाशिक म्हटलं की लोकांना पंचवटी, रामकुंड, कुंभमेळा आठवतो. पण हे शहर पसरलं ते इकडे, कारखान्यांच्या बाजूला. 1982 ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर नगरपालिका आणि आजूबाजूची खेडी एकत्र करून महानगरपालिका झाली. उंटवाडी, मोरवाडी, कामटवाडे, अंबड या गावांच्या शेतजमिनीवर सिडको या सरकारी महामंडळाने एकापाठोपाठ सहा स्कीम उभ्या केल्या, अजूनही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना पाचवी स्कीम, सहावी स्कीम असंच सांगतात. 1991 च्या जनगणनेत शहर साडेसहा लाखांचं होतं, 2011 ला पावणेपंधरा लाखांच्या पुढे गेलं. ही माणसं राहिली कुठे, तर बरीचशी आमच्यासारख्यांच्या वरच्या मजल्यावर.

म्हणजे कसं, की आधी परसावर पत्रे टाकून आजीसाठी खोली झाली. मग बाबांनी पीएफमधून पैसे काढून बाहेरून लोखंडी जिना लावला आणि वर एक खोली काढली, ती एका आयटीआयच्या पोराला भाड्याने दिली. त्या भाड्यावर माझं कॉलेज झालं हे मी कधीच विसरणार नाही. मग भावाचं लग्न ठरलं तेव्हा स्लॅब, मग गॅलरी, ती गॅलरी आली गल्लीवर. समोरच्यांचीही आली. आता दोन्ही गॅलऱ्यांतून हात लांब केला की वाटी देता येते. जागा 99 वर्षांच्या लीजवर, पण माणसांनी पोटाला चिमटा काढून वीट वीट चढवलीय, म्हणून कोणी सिडकोला नुसतं "दाटीवाटीची वस्ती" म्हटलं की मला खरंच राग येतो. इथे कुठल्या बिल्डरने टॉवर नाही उभे केले, घरात माणूस वाढला तशी खोली वाढली.

पण त्याची किंमतही आहे, ती नाकारून कसं चालेल. ओटा गेला, तिथे गाडी लागते. गल्ली सायकलींसाठी आखलेली, आता रात्री अकराला ॲम्ब्युलन्स आली तर चार घरांची बेल वाजवून गाड्या काढाव्या लागतात, आमच्या बाबांच्या वेळी काढाव्या लागल्या, ती दहा मिनिटं मला अजून झोपू देत नाहीत. पाण्याचा त्रास मुकणे धरणाची पाइपलाइन आल्यापासून बराच कमी झाला. हायवेवर 2013 ला उड्डाणपूल झाला, तरी इंदिरानगरकडे जायचं तर हायवेखालच्या बोगद्यात गर्दी आहेच. हे सगळं कधी ना कधी सुटेल असं वाटतं, पण गेलेली मोकळी जागा परत कशी येणार? भाऊ तिसऱ्या मजल्याचं बोलतोय, मी त्याला सांगितलंय की पुढून तीन फूट तरी सोड, भांडण झालं तरी चालेल.

तर बिबडे. संध्याकाळी चारच्या सुमारास मागच्या काकूंनी वरून हाक मारली, "ताई, आमना गच्चीवर टाका ना, आठे ऊन ऱ्हास." म्हणजे, आमच्या गच्चीवर टाका, इथे ऊन राहतं. आईचे गुडघे दुखतात म्हणून फडकी घेऊन मीच चार मजले चढलो. वर गेलो तर समोर पांडवलेण्याचा डोंगर, अख्खा. लहानपणी तो आमच्या परसातून दिसायचा, भांडी घासायच्या दगडापासून.