झाकायचं, पण कोंडायचं नाही

आमचं मूळ काम ग्रिल, गेट आणि शटर. वडिलांनी पुण्यात धायरीला शेड टाकली तेव्हा आजूबाजूला बंगले उठत होते आणि प्रत्येकाला खिडकीला लोखंड हवं असायचं. मी हाताखाली उभा राहायला लागलो तोवर बंगल्यांच्या जागी सोसायट्या आल्या. ग्रिल बिल्डरच लावून द्यायला लागले. आमच्याकडे उरल्या गेटच्या बिजागऱ्या आणि अडकलेली शटरं.

नवं काम आलं ते एका ताईंच्या वैतागातून. "दादा, एवढा रंग दिला, दगडी टाइल लावली, आणि वास्तुशांतीच्या प्रत्येक फोटोत मधोमध हा एसीचा डबा! याला काहीतरी घाला ना." आम्ही चौकोनी पाइपची चौकट करून पुढं आडव्या पट्ट्या लावून दिल्या. ते बघून शेजारच्यांनी बोलावलं, मग त्यांच्या इंटिरियरवाल्यांनी. आज शेडमध्ये निम्म्याहून जास्त काम अशाच झाकाझाकीचं असतं: एसीचे आउटडोअर, गॅस सिलिंडर, विजेचे मीटर, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या काळ्या टाक्या.

लोकांना वाटतं, यात काय, पेटी करायची आणि वर रंग मारायचा. पण आउटडोअर मागून आणि बाजूनं हवा ओढतो आणि तापलेली हवा पंख्यानं पुढं फेकतो. पाऊस आत येऊ नये म्हणून पुढच्या पट्ट्या खाली कलत्या लावल्या, की ती हवा खाली आदळते, चौकटीतच घुटमळते आणि पुन्हा मागून आत ओढली जाते. डिसेंबरात काही कळत नाही. एप्रिलात भर दुपारी काँप्रेसर ट्रिप होतो आणि शिव्या एसीवाला खातो. खरं तर आउटडोअर पावसात उभा राहायलाच बनवलेला असतो. त्याला छत नको, वारा हवा. म्हणून आम्ही पंख्यासमोर पट्ट्या सरळ ठेवतो, त्यांच्यात भरपूर फट सोडतो, आणि किती जागा मोकळी हवी ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघून मगच माप घेतो. पुढची चौकट खिट्टीवर उघडते. सर्व्हिसिंगला आलेल्या पोराला तिसऱ्या मजल्यावर लोंबकळत स्क्रू काढायला लावायचे नाहीत, एवढं आपल्याला कळायला हवं.

कबुतरांसाठी मागे जाळी मागतात. देतो, पण बारीक नाही. बारीक जाळीत धूळ आणि पिसं अडकून तिची भिंत होते.

गॅसचं प्रकरण वेगळं. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला झरोके तळाशी हवेत. पाइपनं येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. त्याच्या मीटरपुढं काही लावायचं तर वरची बाजू उघडी पाहिजे, आणि कॉक एका हातात आला पाहिजे. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तोही वरच जातो. कपाटं बाहेरून एकसारखी दिसतात, भोकं मात्र प्रत्येकाची वेगळ्या जागी. एका इंटिरियरवाल्यांनी सिलिंडरला काचेचं बंद दार मागितलं होतं. ते काम सोडलं.

विजेच्या मीटरला आम्ही हात लावत नाही, सीलच्या आसपासही नाही. पुढं दार करतो, आकडे येतात तिथं पारदर्शक पत्रा ठेवतो. पूर्वी लोक मीटरपुढं मोठी कुंडी ठेवायचे. रीडिंगवाला ती सरकवायचा नाही आणि बिल सरासरीनं यायचं!

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फसवणूक तिथंच होते. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड भट्टीत भाजून बसवलेला थर, म्हटलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पण घरातल्या रॅकला चालणारी इपॉक्सीची पावडर उन्हात फिकी पडते, हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते. बाहेरच्या कामाला प्युअर पॉलिस्टरच हवी. तीही वेल्डिंग घासून, गंज आणि तेल काढून मगच. अलिबाग, रत्नागिरीकडचं काम असेल तर लोखंड सुचवतच नाही. खाऱ्या वाऱ्याला एक ओरखडा पुरतो, तिथून गंज कोटिंगच्या खाली पसरत जातो. तिकडं ॲल्युमिनियम. कुणाला बांबू हवा असेल तर सिंधुदुर्गातला माणगा जातीचा, कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेला आणि जमिनीपासून उचललेला. दिसतो सुरेख. पण दर दोन-तीन वर्षांनी हात मारावा लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

अलीकडं चौकशी येते ती गच्चीवरच्या टाक्यांची. तिथं शत्रू वारा. सलग पत्रा लावला तर पहिल्याच वळिवात तो शिडासारखा फुगतो, म्हणून भोकांचा पत्रा किंवा पट्ट्याच. आणि कोब्यात ड्रिल मारायचं नाही, नाहीतर वॉटरप्रूफिंग जातं आणि खालच्या फ्लॅटमध्ये ओल उतरते. आम्ही खांब काँक्रीटच्या ठोकळ्यांत उभे करून कठड्याला आतल्या बाजूनं बांधतो. टाकीचं झाकण उघडायला आणि आत उतरून धुवायला माणसाची जागा सोडतो.

दर चौरस फुटावर असतो, पण फोटो पाठवून भाव विचारणाऱ्यांना आम्ही आकडा देत नाही. फोटोत भिंत दिसते. मागून गेलेला ड्रेनचा पाइप, शेजाऱ्याची खिडकी, मेकॅनिकला पाय ठेवायला जागा आहे की नाही, हे तिथं जाऊनच कळतं. मोजायला यायचे पैसे घेत नाही. रविवारी शेड बंद असते, त्यामुळे सोसायट्यांची मापं शक्यतो त्याच दिवशी घेतो.